सुई आणि स्पीकर यांच्यामधला करार : फोनो प्रीॲम्प बदलून पाहताना

आजचा विषय पाहून दोघा-तिघांनी विचारलं, सर, प्रमाणशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्समध्ये कुठे शिरलात? शिरलो वगैरे काही नाही. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, सर्किट काढून दाखवा म्हणाल तर जमायचं नाही. पण गेला महिनाभर इथे पवनीत माझ्या घरी एक प्रयोग चालला होता. ‘मला ऐकू आलं’ असं म्हणतो तेव्हा नेमकं काय आलेलं असतं, हा वर्गातला जुना प्रश्न त्यात रोज संध्याकाळी समोर यायचा. म्हणून म्हटलं, एक तास त्यावरच बोलू.

आधी सामान सांगतो. एक साधं टर्नटेबल, त्याच्या पोटातच बसवलेला फोनो प्रीॲम्प, एक ॲम्प्लिफायर, दोन मध्यम स्पीकर. तबकड्यांमध्ये नाट्यसंगीताच्या आणि ख्यालाच्या एलपी, भावगीतांच्या सात इंची ईपी आणि एका ट्रंकेत वडिलांच्या वेळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आपला वेगळा, बाहेरून जोडायचा फोनो प्रीॲम्प महिनाभर वापरायला दिला. म्हणाला, सर, एकदा हा लावून बघा, पडदा बाजूला झाल्यासारखं वाटेल. डब्याची किंमत माझ्या टर्नटेबलच्या निम्म्याहून जास्त. पेन्शनीतला पैसा आहे. तेव्हा पडदा कुठला आणि तो खरंच बाजूला होतो का, हे तपासणं आलंच.

आता हा डबा करतो काय ते पाहू. तबकडीच्या खाचेत सुई हलते, सुईच्या दुसऱ्या टोकाला बारीकसं चुंबक असतं, ते वेटोळ्याजवळ हलतं आणि वीज निर्माण होते. किती? चार-पाच मिलिव्होल्ट. तुमचा मोबाइल किंवा सीडी प्लेयर ॲम्प्लिफायरला शेकडो मिलिव्होल्ट देतो, कधी एक-दोन व्होल्टसुद्धा. म्हणजे सुईचा आवाज आधी शंभर पटीने मोठा करावा लागतो. ज्या कार्ट्रिजमध्ये चुंबक स्थिर आणि वेटोळं हलतं, त्याची वीज याहून दहा पटीने कमी, तिथे हजार पट. हे झालं पहिलं काम. ते सोपं आहे, कुठलाही ॲम्प्लिफायर करील.

खरं काम दुसरं. आपल्याकडे धानाच्या बांध्या कशा एकीला लागून एक असतात, मधे हातभर धुरा, तशा तबकडीवर खाचा असतात. खालचा सूर, म्हणजे तबल्याचा बायाँ समजा, खाचेला फार रुंद हेलकावा देतो. तो जसाच्या तसा कोरला तर धुरा फुटून खाच शेजारच्या बांधीत शिरेल. दोन खाचांत अंतर वाढवावं तर एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांऐवजी दहा मिनिटंच मावतील. म्हणून कोरतानाच खालचे सूर मुद्दाम दाबतात. वरच्या सुरांचं उलट. तबकडीच्या पदार्थाची स्वतःची एक सळसळ असते, ती वरच्या पट्टीत असते. म्हणून कोरताना वरचे सूर मुद्दाम उचलतात, आणि वाजवताना तेवढेच खाली आणतात, त्याबरोबर सळसळही खाली येते.

तबकडीत जे कोरलंय ते असं ठरवून वाकडं केलेलं असतं. प्रीॲम्पने ते सरळ करायचं. किती वाकडं आणि किती सरळ, याचा आकडा ठरलेला आहे. अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशनने १९५४ साली एक वक्ररेषा ठरवली आणि हळूहळू जगभरच्या कंपन्यांनी ती मान्य केली. तिच्या वळणाच्या जागा तीन : ५० हर्ट्झ, ५०० हर्ट्झ आणि २१२२ हर्ट्झ. मधल्या १००० हर्ट्झच्या तुलनेत वाजवताना २० हर्ट्झचा सूर साधारण १९ डेसिबल वर उचलायचा, २० हजार हर्ट्झचा जवळजवळ २० डेसिबल खाली आणायचा. या दोन टोकांत व्होल्टेजचा फरक सुमारे शंभर पटींचा. हा फरक दुरुस्त न करता तबकडी ऐकली तर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी वाजते.

आता यातली तत्त्वज्ञानाची गोष्ट बघा. लोक म्हणतात तबकडीत ‘नैसर्गिक’ आवाज असतो. तबकडीत आवाजाची अर्धी बाजू असते. उरलेली अर्धी वाजवणाऱ्याकडे असावी लागते, आणि दोघांत करार असावा लागतो. इथे पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झालं, स्तूप निघाला, दगडांवर ब्राह्मी अक्षरं निघाली. ती वाचता आली, कारण १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने त्या लिपीची किल्ली शोधून ठेवली होती. त्याआधी काही शतकं देशभर अशी अक्षरं लोकांच्या डोळ्यांसमोर होती, शाबूत होती, आणि कोणाला वाचता येत नव्हती. दगडाला झीज न लागतासुद्धा मजकूर हरवू शकतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यात आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे तुम्हाला माहीत असेलच. त्या तबकडीसोबत सुई आणि कार्ट्रिजही पाठवली आणि वेष्टणावर फिरवण्याची गती हायड्रोजनच्या अणूच्या हिशोबात काढून दाखवली. पाठवणाऱ्यांना कळत होतं की नुसती खाच पाठवून भागत नाही.

मग तुम्ही विचाराल, आमच्या लहानपणी घरी एचएमव्हीचा फिएस्टा होता, त्याला कुठे होता फोनो प्रीॲम्प? बरोबर आहे, नव्हता. त्या पेटीतल्या प्लेयरांना सिरॅमिक किंवा क्रिस्टलची पिन असायची. ती सुईच्या वेगाऐवजी तिच्या हेलकाव्याच्या रुंदीप्रमाणे वीज देते, आणि देते तीही शेकडो मिलिव्होल्ट. त्या गुणामुळे वाकडं बरंचसं आपोआप सरळ होऊन जायचं. हिशोब चोख नसे, पण गणपतीत गल्लीला ऐकू जायचं. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांनी एलपीचा सगळा काळ फोनो प्रीॲम्प हा शब्दही न ऐकता काढला. त्याची किंमत मात्र तबकड्यांनी मोजली. त्या पिनांचा भार चार ते आठ ग्रॅम, आजच्या कार्ट्रिजचा दोनच्या आसपास. मुंबईच्या चोरबाजारातून किंवा कोणाच्या माळ्यावरून आणलेली एलपी आज चांगल्या यंत्रावर लावली की तार सप्तकात आवाज फाटतो ना, ती पुष्कळदा जुनी झीज असते. प्रीॲम्प कितीही भारी आणा, खाचेची भिंत तो बांधून देत नाही. उलट झीज अधिक स्वच्छ ऐकवतो!

असो. प्रयोगाकडे येतो.

पहिल्या दिवशी नवा डबा जोडला. घरात चार माणसं होती, चौघांनी एकमताने सांगितलं, नवा छान आहे, भरीव आहे. मी मत राखून ठेवलं, कारण माझ्या भाचीने लॅपटॉपवर मोजलं तर नवा डबा तीन डेसिबल मोठा वाजत होता, म्हणजे व्होल्टेज जवळजवळ दीडपट. आणि आपल्या कानाची खोड अशी की थोडा मोठा आवाज ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. दुकानदारांना ही खोड पक्की ठाऊक असते. म्हणून प्रीॲम्पची तुलना करायची तर पहिली अट ही, की दोघांचा आवाज मोजून सारखा करायचा. ‘कानाने सारखा केला’ हे चालत नाही.

दुसरी अट नावाची. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्षाची व्याख्या आहे, मागे आपण ती सविस्तर पाहिली. तिच्यात एक शब्द येतो, ‘अव्यपदेश्य’. नावाशी न जोडलेलं ज्ञान, असा त्याचा एक अर्थ. टीकाकारांचे त्यावर बरेच वाद आहेत, तिकडे आज जात नाही. मला त्यातली एवढीच गोष्ट इथे हवी आहे : ‘हा महागडा डबा वाजतोय’ हे माहीत असताना जे ऐकू येतं, त्यात नाव आधीच मिसळलेलं असतं. कान खोटं बोलत नाही हो, पण साक्ष द्यायच्या आधी त्याने आरोपपत्र वाचलेलं असतं.

म्हणून आम्ही असं केलं. एकाच एलपीचा तोच तीन मिनिटांचा भाग दोन्ही डब्यांतून लॅपटॉपवर मुद्रित केला, पातळी जुळवली. भाचीने नाणं उडवायचं, छापा पडला की जुना, काटा पडला की नवा, मला सांगायचं नाही. मी ऐकून ओळखायचं. दहा वेळा. हिशोब सोपा आहे : नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर यायची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. सहा बरोबर यायला काही लागत नाही, ते अंदाजानेही येतं. गाणं चालू असताना माझे सहा आले. भाचीचे सात. तिचे कान तरुण आहेत, तरी सातच. ‘पडदा बाजूला झाला’, ‘आवाजात हवा आली’ ही विशेषणं नाव झाकल्याबरोबर कुठे गेली कोण जाणे.

यावरून ‘सगळे प्रीॲम्प सारखेच’ असं कोणी घरी घेऊन जाऊ नका. कारण गाणं संपून दुसरं सुरू होण्याआधी जी दोन-तीन सेकंदांची मोकळी जागा असते, तीवर तोच खेळ खेळलो आणि माझे दहापैकी दहा आले. तिथे जुन्या डब्याचा ‘घूं’ होता, नव्याचा जवळजवळ नव्हता.

हा घूं समजून घेण्यासारखा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. आणि वक्ररेषेप्रमाणे ५० हर्ट्झ किती उचलायचा? १७ डेसिबल. म्हणजे १००० हर्ट्झचा सूर शंभर पटीने मोठा होतो तिथे ५० हर्ट्झ सातशे पटीने! भिंतीतल्या वायरची, ट्रान्सफॉर्मरची, ॲडॉप्टरची जी काही ५० हर्ट्झची लुडबुड तारेत शिरते, ती करारातल्या नेमक्या त्या कलमाखाली येते ज्यात सगळ्यात जास्त वाढ दिलेली आहे. म्हणून टर्नटेबलच्या मागून एक बारीक सुटी तार निघते, टोकाला चिमटा असलेली, ती प्रीॲम्पच्या स्क्रूला घट्ट लावायची असते. पुष्कळ जण ती फालतू समजून गुंडाळून ठेवतात. प्रीॲम्प ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब ठेवा. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. आमच्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं, हे गावातल्या कोणालाही विचारा. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकायची सवय असेल तर इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे का पाहा. चौकोनी लाटेचा असेल तर घूं जाऊन त्या जागी ‘झर्र’ येतो, आणि तो गाण्याच्या पट्टीतच बसतो. प्रीॲम्पवर पैसे घालण्याआधी या गोष्टी करा. यातल्या बहुतेक फुकट आहेत.

नव्या डब्यात दोन बटणं होती, ती माझ्या जुन्यात नव्हती. मला विचाराल तर अपग्रेड त्या दोन बटणांत होतं.

एक बटण २० हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारं. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, कपाटातल्या तबकड्या थोड्याफार वाकतातच. वाकलेली तबकडी फिरताना सुई वरखाली होते, सेकंदाला दोन-चार वेळा. ते कानाला ऐकू येत नाही, पण स्पीकरचा पडदा बेडकाच्या गळ्यासारखा आतबाहेर होताना डोळ्यांना दिसतो, आणि ॲम्प्लिफायरची ताकद त्यातच जाते. बटण दाबलं की स्पीकर शांत. गाण्यातलं काही जात नाही, तानपुऱ्याचा खर्जसुद्धा २० च्या खूप वर आहे.

दुसरं बटण मोनोचं. आपली जुनी नाट्यपदं, भावगीतं पुष्कळशी मोनो तबकड्यांवर आहेत. मोनो खाच फक्त आडवी हलते. धूळ, झीज, वाकडेपणा मात्र सुईला उभंही हलवतात, आणि स्टिरिओ कार्ट्रिज ते उभं हलणंसुद्धा इमानाने आवाज म्हणून देते. दोन्ही बाजू एकत्र केल्या की उभं हलणं परस्परांना खोडून टाकतं. ईपीवरची चरचर इतकी उतरली की बायको स्वयंपाकघरातून विचारायला आली, सीडी लावली का?

बारीक तांत्रिक गोष्ट एकच सांगतो. चुंबकाच्या कार्ट्रिजला प्रीॲम्पचा भार ४७ किलोओहमचा लागतो, तो सगळीकडे असतोच. पण तारेची आणि प्रीॲम्पची मिळून जी कपॅसिटन्स असते ती कोणी पाहत नाही. कार्ट्रिजचं वेटोळं ५०० मिलिहेन्रीचं धरा. एकूण कपॅसिटन्स १५० पिकोफॅरड असेल तर त्यांचा अनुनाद १८ हजार हर्ट्झच्या जवळ पडतो, ३०० असेल तर १३ हजारांवर येतो. म्हणजे लांब तार घेतली की वरच्या पट्टीचा रंग बदलतो, आणि लोक त्याचं श्रेय किंवा दोष प्रीॲम्पला देतात. माझ्या वयाला १३ हजार काय आणि १८ हजार काय, दोन्ही नातवंडांसाठी राखीव! सत्तरीनंतर १० हजारांच्या वरचं फारसं ऐकू येत नाही. तेव्हा आमच्या वयाच्या माणसाने ‘वरच्या पट्टीतली रेशमी झाक’ असं काही लिहिलेलं वाचलं की थोडं हसू येतं.

आता ट्रंकेतल्या ७८ च्या तबकड्या. माझ्या दृष्टीने सगळा प्रयोग यासाठीच होता.

या तबकड्या लाखेच्या. आपल्या पूर्व विदर्भाच्या जंगलात पळसावर, कुसुमावर जी लाख येते तीच. त्यात खनिज भुकटी मिसळून त्या घडवत. म्हणूनच त्या स्पिरिटने पुसायच्या नसतात, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. यांची सुईही वेगळी लागते, टोक साधारण ७५ मायक्रॉनचं. एलपीची १८ मायक्रॉनची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी भरकटते. पण मुख्य मुद्दा असा की त्या १९५४ च्या आधीच्या आहेत. करार व्हायच्या आधीच्या. १९२५ पर्यंत तर विजेचा संबंधच नव्हता, कर्ण्यासमोर गायचं आणि सुई हलायची. विद्युत ध्वनिमुद्रण आल्यावर कंपन्या खालचे सूर दाबू लागल्या, पण प्रत्येकीची जागा वेगळी. एचएमव्हीच्या घराण्यात ती साधारण २५० हर्ट्झला होती. आणि वरचे सूर मुद्दाम उचलण्याची पद्धत त्या काळच्या बहुतेक ७८ मध्ये नव्हतीच.

मग ही तबकडी आजच्या ‘अचूक’ प्रीॲम्पमधून वाजवली तर काय होईल? प्रीॲम्प इमानदार आहे, तो कराराप्रमाणे ३००० हर्ट्झ पावणेपाच डेसिबल खाली आणील, ५००० हर्ट्झ आठ, १० हजार हर्ट्झ जवळजवळ चौदा. हे सूर कोणी उचललेलेच नव्हते. आणि खालची बाजू हवी त्याच्या जवळजवळ दुप्पट करील. जो करार त्या तबकडीने केलाच नाही, तो तिच्यावर लादला जाईल.

अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज घ्या. १९३७ साली ते गेले, म्हणजे त्यांची सगळी ध्वनिमुद्रणं कराराच्या आधीची. खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार, तंबोऱ्याच्या तारेत मिसळणारा, असं त्यांना प्रत्यक्ष ऐकलेले लोक सांगत आले. नेहमीच्या प्रीॲम्पमधून माझ्याकडची झिंझोटीची तबकडी लावली की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा, स्वराची कड बोथट. नव्या डब्यात ७८ साठी वेगळी वक्ररेषा निवडता येते. ती लावली आणि खसखस दुपटीने वाढली. पण खसखशीच्या मागे स्वर उभा राहिला, आणि तंबोरा, जो आधी नव्हताच, तो आला. नाव झाकून हाच खेळ केला तेव्हा दहापैकी दहा, माझे आणि भाचीचेही. इथे फरक कल्पनेचा नाही.

मला यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते. ‘त्या काळचे गवई असे दबके गात’, ‘जुन्या रेकॉर्डमध्ये आवाजच असा’ अशी विधानं आपण किती सहज करतो. त्यातलं गवयाचं किती आणि चुकीच्या वक्ररेषेचं किती? एलपी, कॅसेट, सीडीवर जी पुनर्मुद्रणं आली, त्यांत कोणीतरी, कुठेतरी, एक वक्ररेषा निवडलेली आहे. खसखस कमी करण्याच्या नादात आवाजही कापलेला असू शकतो. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे त्यांचं नियतकालिक. अशा संग्राहकांनी मूळ तबकड्या जपल्या म्हणून निदान पुन्हा तपासायला साक्षीदार जिवंत आहे. घरात ७८ ची ट्रंक असेल तर ‘यूट्यूबवर आहे की सगळं’ म्हणून ती भंगारात देऊ नका, एवढी विनंती.

बाकी प्रश्नोत्तरांत बोलू.

प्रश्न : सर, माझ्या टर्नटेबलमध्ये प्रीॲम्प आहे. बाहेरचा लावला तर दोन्ही मिळून जास्त चांगलं वाजेल का?

उत्तर : नाही हो, तसं करूच नका. दोघे मिळून तीच दुरुस्ती दोनदा करतील. खालचे सूर ढोलासारखे होतील, वरचे गायब होतील, आवाज फाटेल ते वेगळंच. टर्नटेबलच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असं बटण असतं. बाहेरचा डबा लावायचा तर ते ‘फोनो’वर ठेवा, म्हणजे आतला बाजूला होतो.

प्रश्न : आठ-दहा हजार रुपये आहेत. सुई बदलू की प्रीॲम्प?

उत्तर : सुई किती तास वाजली आहे? पाचशेच्या पुढे गेली असेल तर आधी सुई, दुसरा विचारच नको, कारण झिजलेली सुई तबकडीचं कायमचं नुकसान करते, प्रीॲम्प तसं करत नाही. मग अर्थिंग. मग तबकड्या धुवा, डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, लेबल भिजू न देता. एवढं झाल्यावरही गाण्यांच्या मधल्या जागेत घूं ऐकू येत असेल, किंवा मोनो तबकड्या बऱ्याच असतील, तर प्रीॲम्प.

प्रश्न : मग तुम्ही तो डबा ठेवलात की परत केला?

उत्तर : महिना संपला तसा परत केला, उसनाच होता. नाट्यसंगीताच्या एलपींसाठी माझा जुना प्रीॲम्प पुरेसा आहे, फक्त अर्थिंगची तार आता नीट लावली आहे. ७८ साठी मात्र वक्ररेषा निवडता येणारा एक साधा डबा मागवला आहे, बाकी काही नसलेला. तो आला की ट्रंक पुन्हा उघडू. ज्यांना खाँसाहेब ऐकायचे असतील त्यांनी या रविवारनंतर केव्हाही संध्याकाळी या, फक्त येताना लाइट आहे का ते फोन करून विचारा.